तिसऱ्या घावाचं कारण

हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या त्या कॉलनीत भानुमती हरकरे यांच्याकडे एकदा चहाला जाऊन आलेली माणसं पुष्कळ होती. दुसऱ्यांदा गेलेलं मात्र कुणी शोधून सापडलं नसतं. चहा बाई उत्तम करीत, त्यात खोट नाही. पण कपबशी हातात देता देता त्या तुमच्याकडे नजर टाकीत आणि म्हणत, "तुमच्या सदऱ्याची डावी बाही अर्धा इंच लांब आहे. शिंपी फसवून राहिला तुम्हाला." घरी येऊन टेप लावावी, तर नेमका अर्धा इंच! खरं निघायचं हीच तर पंचाईत होती. खोटं बोलणारा माणूस झटकून टाकता येतो. या बाईला झटकायची काही सोय नव्हती.

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली नवरा गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा अनिमेष तीन वर्षांचा. नवरा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होता, म्हणून अनुकंपेवर त्यांना तिथंच घेतलं. आधी फायली उचलायला, मग कुण्या साहेबानं त्यांची नजर ओळखली आणि गेज रूममध्ये बसवलं. गेज म्हणजे पोलादाचा एक दांडा, दोन टोकांचा. एका टोकावर लिहिलेलं 'गो', दुसऱ्यावर 'नो-गो'. तयार झालेल्या नगाच्या भोकात पहिलं टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर पास. नाहीतर लाल रंगाचा ठिपका, आणि नग भंगारात. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं. फॅक्टरीत त्यांचं नावच पडलं होतं नो-गो बाई. ते त्यांना ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं.

त्या फॅक्टरीत एक शिस्त होती. काही वेडंवाकडं घडलं, म्हणजे कुणाचं बोट गेलं, एखादं मशीन अडकलं, तर ज्याच्यासमोर घडलं त्यानं तासाभरात आपल्या हातानं रिपोर्ट लिहायचा. रकाने चार : वेळ, जागा, काय घडलं, कारण. कार्बन लावून तीन प्रती. एक वरच्या साहेबाला, एक सेक्शनला, एक आपल्यापाशी. आणि प्रत देताना घेणाऱ्याची सही अन् वेळ घ्यायचीच. बाकीचे लोक रिटायर झाले आणि ही कटकट सुटली म्हणून पेढे वाटून मोकळे झाले. बाईंनी घरी कार्बन पेपरचा डबा आणून ठेवला. दूध पातळ आलं, तीन प्रती. शेजारच्यांच्या नळाचं पाणी आपल्या भिंतीला लागलं, तीन प्रती. त्यातली एक कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी भय्यासाहेब डबीर यांच्याकडे जायची, आणि ते प्रत्येक वेळी निमूट सही करून वेळ घालून द्यायचे.

या भय्यासाहेबांची गोष्ट इथंच सांगून टाकलेली बरी. ते त्याच फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे सुपरवायझर होते. दोन हजार एक साली त्यांच्या लॉटमधले चारशे बारा नग बाईंनी एका दुपारी लाल केले. भय्यासाहेब स्वतः गेज रूमच्या खिडकीशी आले. म्हणाले, "बाई, केसभर तर फरक आहे."

"केसभर म्हणजे किती? आकडा सांगा."

"एकदा पुन्हा मोजून पाहा ना. माझं प्रमोशन अडकून राहिलं यात."

"माझं रीडिंग चुकत नाही," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

भय्यासाहेब चार्जमन म्हणूनच रिटायर झाले. नशिबाचा खेळ असा, की दोघांनी घरं बांधली ती एकाच कॉलनीत, तीन दारं सोडून. रोज सकाळी फिरायला निघाले की ते फाटकाशी थांबून "नमस्कार बाई" म्हणत. वर्षानुवर्षं त्यांचा हा नमस्कार एकदाही चुकला नाही. बाईंना वाटे, माणूस मोठ्या मनाचा आहे. माप घेण्यात ज्या बाईचा हात कुणी धरला नसता, तिला समोरच्या माणसाचं मन मात्र कधी मोजता आलं नाही.

तर दोन हजार चोवीसचा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी पाच वाजले की पुढच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालायचं आणि वळसा घालून मागच्या दारानं आत यायचं, अशी बाईंची रीत होती. विकणारे नकोत, वर्गणीवाले नकोत, कुणीच नको. आणि दिवा लावायचा तो सहाला, मिनिटभर आधी नाही. म्हणजे त्या एका तासात ते घर रस्त्यावरून बघणाऱ्याला रिकामंच दिसायचं. त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणून बाई मधल्या खोलीत पलंगावर पडून होत्या. उशाच्या स्टुलावर लोखंडी खलबत्ता, काढ्यासाठी सुंठ कुटत होत्या तो तिथंच राहिलेला.

मागच्या दाराची कडी तुटली तेव्हा त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर घड्याळ पाहिलं. पाच चाळीस.

माणूस स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत आला, थेट कपाटाकडे. अंधारात पलंगावर माणूस आहे हे त्याला उशिरा कळलं. कळल्यावर पळाला असता तर पुढचं काही झालं नसतं. तो पळाला नाही. त्यानं बाईंचा गळा धरला, दुसऱ्या हातात स्क्रू पिळायचा पेचकस होता, आणि तोंडानं "चुप, चुप, चुप" चाललं होतं. बाईंचा हात बत्त्यावर पडला. पहिला घाव कानशिलावर बसला. पकड सुटली, पण पेचकस पुन्हा वर आला, तेव्हा दुसरा. माणूस खाली पडला, पेचकस पलंगाखाली गेला. सदुसष्टीला टेकलेली, गुडघ्यानं अधू बाई आणि तिनं हे केलं. इथपर्यंत तिच्यावर बोट ठेवणाऱ्याची जीभ झडो.

मग तो रांगू लागला. भिंत धरत, ओट्याला आपटत, मागच्या दारानं अंगणात. मधल्या खोलीला आतून चांगली मजबूत कडी होती. ती लावून बाईंना बसता आलं असतं, फोन उशाशी होता. बाई बत्ता घेऊन त्याच्यामागून गेल्या. अंगणात अजून पुसटसा उजेड होता. नळाजवळच्या भिंतीला टेकून तो बसला होता. त्या उजेडात त्यांनी त्याला ओळखलं. दसऱ्याला घराची पुताई, म्हणजे रंगरंगोटी, करून गेलेला छोटेलाल बर्मन, कांचघर वस्तीतला. भिंतीवरचा तपकिरी पट्टा दोन सूत वाकडा गेला म्हणून बाईंनी त्याच्याकडून तीनदा करून घेतला होता. त्याच पट्ट्यावर त्याचा रक्ताचा हात टेकलेला होता.

"अम्मा," तो म्हणाला, "हम हैं... छोटे. पानी दे दो थोड़ा."

आणि बाईंना असा संताप आला, असा संताप आला, की काय सांगावं! घरात घुसलास, या हातांनी माझा गळा धरलास, आणि आता मलाच अम्मा म्हणून पाणी मागतोस? त्यांनी तिसरा घाव घातला. हे भीतीनं झालं असं म्हणायला जागा नाही. नळ हाताच्या अंतरावर होता.

त्यानंतर बाई आत गेल्या, हात धुतले, सहाला अजून वेळ होता तरी दिवा लावला, टेबलावर कार्बन मांडला आणि रिपोर्ट लिहायला बसल्या. मधे एकदा उठून अंगणात डोकावून आल्या, घड्याळ पाहिलं, पुन्हा बसल्या. नंतर आणखी एकदा. रिपोर्ट तयार झाला तो असा :

"५.४०, स्वयंपाकघर. मागच्या दाराची कडी तोडून इसम आत.

५.४४, मधली खोली. इसमाने गळा धरला, हातात पेचकस. बत्त्याने पहिला घाव. कारण : जिवाची भीती.

५.४४, तीच जागा. पेचकस पुन्हा उगारला. दुसरा घाव. कारण : तेच.

५.४९, मागचं अंगण. इसम रांगत बाहेर. हातात काही नाही. ओळखला, पुताईवाला छोटेलाल. पाणी मागितलं. दिलं नाही. तिसरा घाव. कारण : राग.

५.५५, तीच जागा. श्वास चालू.

६.१२, तीच जागा. श्वास बंद."

खाली सही. मग एक प्रत घेऊन बाई तीन दारं सोडून भय्यासाहेबांकडे गेल्या. भय्यासाहेब टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी कागद वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"बाई, हे असंच ठेवायचं?"

"काहून? काही चुकलं आहे का?"

"नाही नाही. तुमचं कधी चुकते?" भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी सही केली, खाली ६.२५ असं घातलं, आणि मग पोलिसांना फोन लावला.

बाई एकोणीस दिवस जेलमध्ये होत्या. त्या एकोणीस दिवसांविषयी त्या कुणाशी बोलल्या नाहीत, पण जामिनावर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या साडीच्या निऱ्या वरखाली होत्या, एवढं सांगितलं तरी त्यांना ओळखणाऱ्याला पुरे. एका बराकीत चाळीस बायका, संडासासमोर पहाटे चारपासून रांग, गुडघा वाकत नाही म्हणून उभ्यानं काढलेल्या रात्री. छोटेलालनं गळा धरला तेवढा क्षण सोडला, तर या बाईला उभ्या जन्मात कशाची भीती वाटली नव्हती, नवरा गेला तेव्हाही नाही. आता लोखंडी फाटकाचा आवाज झाला की त्या हातातलं काम तिथंच टाकून आत जायच्या आणि कडी लावायच्या.

बाहेर मात्र त्यांची आरती चालली होती. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी वाघीण म्हणालं, कुणी रणचंडी. ज्या लोकांनी तिच्या घरची पायरी दुसऱ्यांदा चढली नव्हती, ते शाल-नारळ घेऊन दारात उभे. एका बाईनं तर तो बत्ता बघायला मागितला! छोटेलालच्या बायकोचं नाव त्या ग्रुपवर कुणी विचारलं नाही. तिचं नाव बेबी.

वकील मिळाली ती विभावरी, मराठी मंडळातल्या ओळखीतली, चाळिशीची, हुशार. तिच्या ऑफिसात बाई, अनिमेष आणि सून वैभवी असे तिघं बसले होते. अनिमेष भोपाळला विमा कंपनीत. मराठी त्याला सगळी कळायची, पण तोंडातून हिंदीच निघायची.

"काकू, कायदा तुमच्या बाजूनं आहे," विभावरी म्हणाली. "नव्या संहितेतही जुनंच ठेवलं आहे. दिवस मावळल्यावर कुणी घर फोडून आत आला, तर त्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी तो तुमचा हक्क. त्या दिवशी सूर्य मावळला पाच अठ्ठावीसला. तो आला पाच चाळीसला. बारा मिनिटांनी वाचलात. त्यातून त्यानं गळा धरला. पहिले दोन घाव कुणी विचारणार पण नाही."

"आणि तिसरा?"

"हक्काला हद्द आहे, काकू. लागेल तेवढीच इजा करायची, त्याहून जास्त नाही. धोका संपला की हक्क पण संपला. तो निघून जाऊन राहिला होता, हातात काही नव्हतं. तिसऱ्याचा हिशेब वेगळा. सिद्ध झाला तर दहा वर्षं."

बाईंनी बोटांवर एक, दोन, तीन असं मोजलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन घाव गो. तिसरा नो-गो."

विभावरीला ते कळायला क्षण गेला. कळलं तेव्हा ती टेबलावर वाकली. "हे कोर्टात चुकूनसुद्धा बोलायचं नाही."

"पण लिहून दिलं आहे मी."

"तेच सांगून राहिले ना! पोलिसांना दिलेली प्रत कोर्ट वाचत नाही. पोलिसासमोरचा कबुलीजबाब म्हणजे कोरा कागद. पण तुम्ही एक सेक्रेटरीला दिली. तो पोलीस नाही. त्याच्या हातातला कागद कोर्ट वाचणार, शब्द न् शब्द. कोणी सांगितलं होतं द्यायला?"

बाईंना खरोखर कळेना की यात विचारण्यासारखं काय आहे. प्रती तीन असतात. पहिली वरच्या साहेबाला, म्हणून पोलिसांना दिली. दुसरी सेक्शनला जाते. सेक्शन उरलं नव्हतं म्हणून समितीला दिली.

त्याच संध्याकाळी विभावरी आणि अनिमेष भय्यासाहेबांकडे गेले. भय्यासाहेबांनी बर्फी पुढे केली. कागद? तो तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी ठाण्यात नेऊन दिला होता. अंमलदाराची सही घेऊन, वेळ घालून.

"अंकल, थोड़ा रुक जाते," अनिमेष म्हणाला.

"कसा थांबू बेटा? तुझ्या आईनंच तर शिकवलं आम्हाला सगळ्यांना. कागद दाबून ठेवायचा नसते."

सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला तो पुढच्या वर्षी. डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावर तीन जखमा, पण कुठली आधी कुठली नंतर, मधे किती वेळ गेला, हे सांगता येत नाही. अंगणातलं रक्त? जखमी माणूस रांगत गेला, तिथं पडला, तिथं मेला. सगळं जुळत होतं. नडत होता तो एकच कागद.

भय्यासाहेब साक्षीला आले ते इस्त्रीचा कोट घालून. सरकारी वकिलानं विचारलं, आरोपीला ओळखता? भय्यासाहेबांनी बाईंकडे वळून नमस्कार केला आणि म्हणाले, "साहब, बरसों साथ काम किया है। पूरी फैक्टरी में इनके जैसी ईमानदार औरत नहीं थी। इनकी रीडिंग कभी गलत नहीं होती।" मग त्यांनी तो कागद वाचला. आधी मराठीत, मग न्यायाधीशांसाठी हिंदीत, एकेक ओळ, सावकाश. "पानी माँगा। नहीं दिया। तीसरा वार। कारण, गुस्सा।" मधे थांबून त्यांनी चष्मासुद्धा पुसला. इतकी मनापासून स्तुती बाईंची जन्मात कुणी केली नव्हती, आणि तिचा एकेक शब्द त्यांना दहा वर्षांकडे ढकलत होता.

मागच्या बाकावर बेबी बर्मन बसली होती. प्रत्येक तारखेला यायची. कांचघरहून चालत, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली. नवरा चोर होता हे तिला माहीत होतं, ती ते नाकारत नव्हती. कुणाशी भांडायची नाही, रडायची नाही. "पानी माँगा" हे ऐकलं तेव्हा मात्र तिनं पदराचा बोळा तोंडात घातला.

आरोपीच्या जबाबाच्या आदल्या दिवशी विभावरीनं बाईंना समोर बसवलं.

"काकू, उद्या साहेब तो कागद दाखवतील आणि विचारतील, हा तुमचा आहे का. अक्षर तुमचं आहे, ते नाकारू नका. फक्त म्हणा, मी शुद्धीत नव्हते, काय लिहिलं ते मला आठवत नाही, लिहिलं ते चुकीचं आहे. बाकी मी पाहते."

"मी पूर्ण शुद्धीत होते."

"आई," अनिमेष म्हणाला, "एक लाइन बोलनी है बस। एक लाइन।"

"दहा वर्षं, आई," वैभवी म्हणाली. "तुम्ही आत मराल."

हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं होतं, ते सुनेनं बोलून टाकलं.  त्या रात्री बाईंनी आपल्यापाशी ठेवलेली तिसरी प्रत काढली आणि चष्मा लावून वाचली. एक काना चुकला नव्हता. ५.४९ म्हणजे ५.४९. राग म्हणजे राग. एवढा बिनचूक रिपोर्ट त्यांनी फॅक्टरीतही कधी लिहिला नव्हता. आणि त्यांना मरायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती. ज्या बाईनं केसभर फरकासाठी चारशे बारा नग लाल केले, तिला जेलमध्ये मरायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "यह कागज आपके हाथ का लिखा है?"

"जी."

"इसमें जो लिखा है, उसके बारे में क्या कहना है?"

बाईंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. समोर बाकावर कोट घातलेले भय्यासाहेब, त्यांच्या मागे बेबी. "मैं होश में नहीं थी, साहब. गलत लिखा है." इथवर पढवलेलं होतं. पुढचं त्यांचं त्यांनीच जोडलं, कुणी सांगितलं नव्हतं. "मेरी रीडिंग गलत थी."

विभावरीनं युक्तिवाद केला तो खरंच शाबासकी द्यावी असा. ती म्हणाली, साहेब, तुम्हीच विचार करा. समोर माणूस मरून राहिला आहे आणि एक बाई दिवा लावून, कार्बन घालून त्याचे श्वास घड्याळावर टिपते. शुद्धीवरचं माणूस हे करेल? ज्याच्या छातीत माणसाचं काळीज आहे असा कुणी हे करू शकेल? हा कागद कबुलीजबाब नाही, हा वेड लागल्याचा पुरावा आहे. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. तो कागद लिहिताना होत्या इतक्या शुद्धीवर त्या आयुष्यात कधीच नव्हत्या, हे त्या भरल्या कोर्टात एकट्या त्यांनाच माहीत होतं.

निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, गळ्याशी हात आला असताना कुणी तराजू घेऊन घाव मोजत बसत नाही. एकट्या वृद्ध स्त्रीनं घाबरून, एकाच झटक्यात केलेला हा प्रतिकार आहे. कागद भरवशाचा नाही. पण सूर्य मावळल्यावर घर फोडलं, ही वेळ इतर पुराव्याशी जुळते म्हणून ती धरली. म्हणजे बारा मिनिटं खरी आणि राग खोटा. बाई निर्दोष सुटल्या.

बाहेरच्या व्हरांड्यात अनिमेष फोनवर ओरडून सगळ्यांना सांगत होता. विभावरीला लोकांनी घेरलं होतं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. भय्यासाहेब जवळ आले, हात जोडले.

"नमस्कार बाई. अभिनंदन."

बाईंनी मान हलवली.

"चारशे बारा नग होते," भय्यासाहेब अगदी हळू, प्रेमानं म्हणाले. "तेव्हा पण शुद्धीत नसाल, नाही का?" आणि कोट सारखा करत ते जिना उतरून गेले. चोवीस वर्षं माणूस एवढ्यासाठी रोज नमस्कार करत होता.

 बाई तिथल्या बाकावर बसल्या, आणि बसल्यावर दिसलं की दुसऱ्या टोकाला बेबी आहे. उठून जाता आलं असतं. गुडघ्यानं उठू दिलं नाही.

"अम्माजी," बेबी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एक बात पूछनी थी। आपने साहब से कहा कागज गलत है।"

"हाँ."

"पूरा गलत?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. अनिमेष चार पावलांवर होता. निकाल लागला होता, आता खरं बोलल्यानं त्या लगेच आत जाणार नव्हत्या. पण वर अपील असतं, विभावरीनं बजावलं होतं, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही.

"पूरा," बाई म्हणाल्या.

"वो पानी वाली बात भी? माँगा नहीं था उन्होंने?"

"नहीं."

"तड़पे नहीं?"

"नहीं. उसी वक्त खतम."

बेबीनं डोळे मिटले. इतक्या तारखा कोरड्या राहिलेल्या त्या डोळ्यांतून आता घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि तिच्या तोंडावर काय आलं असेल तर समाधान. "चलो," ती म्हणाली, "प्यासे तो नहीं गए। जिस दिन से सुना था अम्मा, पानी का घूँट गले से नहीं उतरता था। लगता था वो माँग रहे हैं और मैं पी रही हूँ।" ती वाकली आणि तिनं भानुमतीबाईंच्या पायांना हात लावला.

मग तिनं वर पाहिलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे. बेबीनं पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरली.

"लो अम्मा. पी लो थोड़ा. मुँह सूख गया आपका."

अनिमेष फोन बंद करून वळला, तेव्हा त्याची आई बेबीच्या बाटलीतलं पाणी पीत होती.